खपली, किडा आणि तीन मायक्रोग्रॅम

पिंजऱ्यात पाळलेल्या एखाद्या फिंच पक्ष्याच्या पायांवर पांढुरकी, खरखरीत खपली धरू लागते. ती हळूहळू वाढते, चोचीच्या कडेलाही दिसू लागते. पक्षी सारखा पाय चोचीने टोकरतो, एका पायावर उभा राहतो, गाणे कमी करतो. पक्षी पाळणारा माणूस विचारत विचारत दुकानापर्यंत पोहोचतो आणि कुणीतरी त्याला सांगते, “गुरांना खरजेसाठी जे इंजेक्शन देतात ना, त्याचा एक थेंब मानेवर टाका. दोन दिवसांत फरक पडेल.”

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. औषध खरेच तेच आहे. पण त्या एका थेंबाने पक्षी मरू शकतो. औषध बरोबर आणि थेंब घातक, हे कसे? ते नीट समजून घ्यायचे तर आपल्याला सुमारे सव्वातीनशे वर्षे मागे जावे लागेल. ही खपली कशाने होते, ज्याने होते तो जीव नेमका राहतो कुठे आणि पक्ष्याला न मारता त्याला कसे मारायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला एवढा काळ लागला. सुरुवात मात्र पक्ष्यांपासून झाली नाही. ती झाली माणसाच्या खरजेपासून.

फिंच म्हणजे कोण?

आधी पक्ष्यांची ओळख करून घेऊ. आखूड, जाड, शंकूसारखी चोच असलेल्या, दाणे फोडून खाणाऱ्या लहान पक्ष्यांना पक्षीपालक सरसकट ‘फिंच’ म्हणतात. त्यांत एकाहून अधिक कुळे येतात. कॅनरी हा एका कुळातला. ऑस्ट्रेलियातला झेब्रा फिंच आणि रंगीबेरंगी गोल्डियन फिंच दुसऱ्या कुळातले. आपल्याकडच्या मनोली किंवा मुनिया याच दुसऱ्या कुळातल्या. जपानमध्ये दोनशेहून अधिक वर्षे पाळला जाणारा बेंगाली फिंच हा तर पांढऱ्या पाठीच्या मनोलीचाच पाळीव वंशज. ही मनोली सह्याद्रीच्या रानातही दिसते, मात्र पाळीव वाणाचे पूर्वज जपानमध्ये चीनमधून गेले असे मानले जाते. या पक्ष्यांचे वजन साधारण बारा ते वीस ग्रॅम. झेब्रा फिंच म्हणजे दहा-बारा ग्रॅम हाडे, स्नायू आणि पिसे. हे वजन लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

लिव्होर्नोचे पत्र

शाळेच्या पुस्तकांत फ्रांचेस्को रेडीचा प्रयोग असतो. मांसाचे तुकडे बरण्यांत ठेवले, काही बरण्या झाकल्या, काही उघड्या ठेवल्या. अळ्या फक्त उघड्या बरण्यांत झाल्या, कारण माश्यांनी तिथेच अंडी घातली. ‘सडक्या पदार्थांतून जीव आपोआप निर्माण होतात’ या समजुतीला त्याने १६६८ साली हा धक्का दिला. त्याच पुस्तकात पक्ष्यांच्या अंगावर सापडणाऱ्या उवांची सुरेख चित्रे आहेत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. परजीवी किड्यांकडे नीट डोळे लावून पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत रेडी होता.

१६८७ साली रेडीला इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून एक पत्र आले. जोव्हान कोझिमो बोनोमो या तरुण वैद्याच्या नावाने ते लिहिलेले होते. त्याच्याबरोबर निरीक्षणे करणारा दुसरा माणूस म्हणजे तिथला औषधविक्रेता जाचिन्तो चेस्तोनी. खरूज झालेल्या मुलांच्या हातातून बायका टाचणीच्या टोकाने काहीतरी बारीक काढून टाकतात, बंदरावरचे गुलामही एकमेकांचे हात असेच साफ करतात, हे त्यांच्या कानावर आलेले होते. दोघांनी ते ‘काहीतरी’ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तो जिवंत प्राणी निघाला. अगदी बारीक, पांढुरका, कासवासारख्या पाठीचा. त्याने घातलेले अंडेही त्यांना पाहायला मिळाले.

पत्रातले निष्कर्ष आजही जसेच्या तसे वाचता येतील असे आहेत. खरूज रक्त बिघडल्याने होत नाही, हे किडे त्वचेत शिरल्याने होते. अंगाला अंग लागून किंवा कपडे, पंचे, अंथरुणे यांतून ती पसरते, कारण किडे त्यांतून जातात. पोटात औषधे घेऊन उपयोग नाही. गंधकासारखी द्रव्ये बाहेरून लावली तर बरे वाटते, कारण ती किड्याला मारतात. एखाद्या विशिष्ट रोगाचे कारण एक विशिष्ट सूक्ष्म जीव आहे असे दाखवून देणारा हा फार जुना पुरावा आहे. जंतुशास्त्राचा काळ यायला अजून पावणेदोनशे वर्षे अवकाश होता.

हा किडा कीटक नाही, हे आपण आज सांगू शकतो. कीटकांना सहा पाय असतात. याला वाढ पूर्ण झाल्यावर आठ असतात. कोळी, विंचू, गोचीड यांच्या अष्टपाद वर्गातला हा ‘माइट’.

सापडलेले पुन्हा हरवते

एवढे स्पष्ट पत्र वाचल्यावर वैद्यकशास्त्र लगेच बदलले असेल असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. रोममध्ये पोपचा वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चिसी याने बोनोमोला विरोध केला. शरीरातले दोष बाहेर पडताना त्वचेवर फोड येतात, हे मत शतकानुशतके रुळलेले होते. किडे असलेच तर ते खरजेमुळे आले असतील, खरूज त्यांच्यामुळे कशावरून? हा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. कारण आणि परिणाम एकत्र दिसतात तेव्हा कोण आधी, हे नुसत्या पाहण्याने ठरत नाही.

त्यात नावांचा गोंधळ झाला. १७५८ साली लिनिअसने प्राण्यांची यादी केली तेव्हा पिठातला आणि चीजमधला माइट आणि खरजेचा माइट एकाच जातीत घातले. स्वीडनच्याच चार्ल्स डी गीरने १७७८ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात ते वेगळे केले. त्याच खंडात कोंबड्यांचे रक्त पिणाऱ्या लाल माइटचेही वर्णन आहे. त्याची गाठ आपल्याला पुढे पडेल.

पुढचा प्रसंग पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातला. तिथला औषधनिर्माता गालेस याने १८१२ साली प्रबंध लिहून खरजेचा किडा सापडल्याचे जाहीर केले, चित्रही दिले. पण इतरांना काही केल्या किडा सापडेना. शेवटी रास्पाय या शास्त्रज्ञाने १८२९ साली दाखवून दिले की गालेसच्या चित्रातला प्राणी चीजमधला माइट आहे! गालेसने सुरू केलेली गंधकाच्या धुरीची पद्धत मात्र रुग्णांना उपयोगी पडत होती. पुरावा खोटा आणि उपाय चालणारा, अशी ही अवस्था. परिणाम असा झाला की खरजेचा किडा ही थाप आहे, असेच अनेक डॉक्टरांना वाटू लागले.

ऑगस्ट १८३४मध्ये सिमों फ्रांस्वा रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने त्याच रुग्णालयात सर्वांसमोर टाचणीने किडा काढून दाखवला. रेनुची कॉर्सिका बेटावरचा. तिथल्या गरीब बायका आपल्या मुलांच्या हातातून किडे कसे काढतात हे त्याने पाहिलेले होते. डॉक्टर मंडळी फोडांतल्या पाण्यात किडा शोधत होती. किडा तिथे नसतोच. फोडापासून दूर जाणाऱ्या, त्वचेतल्या केसासारख्या बारीक बोगद्याच्या टोकाला तो बसलेला असतो. बायकांना ते ठाऊक होते. दीडशे वर्षे विद्वान हरले ते सूक्ष्मदर्शक नव्हता म्हणून नव्हे. चुकीच्या जागी पाहत राहिले म्हणून हरले.

पक्ष्याच्या नडगीत

माणसाच्या खरजेचा प्रश्न सुटल्यावर प्राण्यांच्या त्वचारोगांकडे त्याच नजरेने पाहणे सुरू झाले. कोंबड्यांच्या पायांवरची खवले उचलली जाऊन खाली भुरकट थर जमतो, पाय जाड आणि वेडेवाकडे होतात, हा विकार खेडोपाडी सर्वांना माहीत होता. १८६०च्या सुमारास फ्रान्समध्ये त्या थरातल्या माइटचे वर्णन झाले. १८७०मध्ये फ्युर्स्टेनबर्गने त्याच्या प्रजातीला ‘नेमिडोकोप्टिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ ‘नडगी कापणारा’ असा काहीसा होतो. पुढे १९५०मध्ये ‘जमैकेन्सिस’ आणि १९५१मध्ये ‘पायली’ या त्याच प्रजातीतल्या जातींचे वर्णन झाले. पहिली लहान गाणाऱ्या पक्ष्यांच्या पायांवर सापडते. दुसरी मुख्यतः बजरीगर पोपटांच्या चोचीवर आणि चेहऱ्यावर खपल्या करते. फिंच आणि कॅनरीच्या पायांवर झुबक्यांसारख्या वाढणाऱ्या खपल्या याच गटातल्या माइटमुळे होतात.

भिंग घेऊन ती खपली पाहिली तर तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे दिसतात. प्रत्येक छिद्र म्हणजे एका माइटचे बीळ. या माइटला कीटकांसारख्या श्वासनलिका नसतात, तो त्वचेवाटेच श्वास घेतो. म्हणून खपलीवर तेल चोळण्याचा जुना घरगुती उपाय काही प्रमाणात चालतो. तेलाने खपली मऊ होते, बिळे बुजतात, किडे गुदमरतात. पण कोंबडीच्या पायाला चालणारा उपाय फिंचला तसाच लागू करता येत नाही. तेल पिसांना लागले की पिसांतली हवा जाते आणि पक्षी गारठतो. रॉकेल लावायची पद्धत तर आणखी वाईट, कारण पक्षी चोचीने पाय साफ करतो आणि ते पोटात जाते.

आजारी पिंजरा

आता डी गीरच्या लाल माइटकडे वळू. त्याचे वागणे अगदी वेगळे. हा दिवसा पक्ष्याच्या अंगावर नसतोच. पिंजऱ्याच्या सांध्यांत, दांडीच्या टोकाशी, घरट्याच्या तळाशी लपतो. रात्री बाहेर येतो, रक्त पितो आणि परत जातो. उपाशी असताना करडा दिसतो, पोट भरल्यावर लाल. दिवसा पक्ष्याला कितीही उलटसुलट करून पाहा, काही सापडत नाही. पक्षी मात्र रात्रभर बेचैन असतो, अंग खाजवून पिसे विसकटतात. घरट्यातली पिल्ले फिकट पडून मरतात.

युरोपातल्या जुन्या पक्षीपालकांनी यावर साध्या युक्त्या शोधल्या होत्या. रात्री पिंजऱ्यावर पांढरे फडके टाकायचे आणि पहाटे त्यावर लाल ठिपके दिसतात का ते पाहायचे. बसायला पोकळ बोरूच्या दांड्या द्यायच्या. माइट त्यांत लपले की सकाळी दांड्या काढून उकळत्या पाण्यात झटकायच्या. यात औषध काहीच नाही. प्राण्याची सवय ओळखून त्याला पकडायचे, एवढेच.

विसाव्या शतकात या युक्त्यांची जागा विषांनी घेतली. कोंबड्यांच्या खुराड्यांत दांड्यांना तंबाखूतले निकोटिन फासत. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले, मग मॅलॅथिऑन आणि कार्बारिलच्या पूड, डायक्लोरव्हॉसच्या पट्ट्या. माइट मरत. पण यांतली बहुतेक विषे चेतासंस्थेवर घाला घालणारी आहेत, आणि चेतासंस्था पक्ष्यालाही असते. शरीर जेवढे लहान तेवढे वजनाच्या मानाने पृष्ठफळ मोठे आणि श्वासोच्छ्वास वेगवान. दोन किलोची कोंबडी जे सहन करते ते बारा ग्रॅमच्या फिंचला सोसत नाही.

आणि एक शत्रू असा होता की त्याच्यापर्यंत कोणतीच पूड पोहोचत नव्हती. ‘स्टर्नोस्टोमा’ प्रजातीतल्या या माइटचे वर्णन दक्षिण आफ्रिकेत लॉरेन्स यांनी १९४८ साली केले. तो पक्ष्याच्या श्वासनलिकेत आणि हवेच्या पिशव्यांत राहून रक्त पितो. पक्ष्याचा आवाज बसतो, श्वास घेताना बारीक टिकटिक ऐकू येते, शेपटी खालीवर हलते. मानेवरची पिसे ओली करून मागून उजेड धरला तर श्वासनलिकेत काळे ठिपके दिसतात. आईबाप पिल्लांना भरवताना तो पिल्लांत जातो. गोल्डियन फिंच या पक्ष्याला त्याचा विशेष त्रास होतो. जॉन गोल्ड यांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या, एलिझाबेथच्या स्मरणार्थ १८४४ साली या पक्ष्याला नाव दिले होते. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या रानटी गोल्डियन फिंचची संख्या घटू लागली तेव्हा तपासणी झाली आणि रानातल्या पक्ष्यांतही हा माइट मोठ्या प्रमाणावर आढळला. म्हणजे हा केवळ पिंजऱ्यातला रोग नव्हता.

गोल्फच्या मैदानाशेजारची माती

या कोंडीतून वाट निघाली ती पक्ष्यांचा विचारही मनात नसलेल्या संशोधनातून. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या कितासातो संस्थेतले सातोशी ओमुरा जागोजागची माती गोळा करून तिच्यातले जिवाणू वाढवत होते. इतो शहराजवळच्या कावाना इथल्या गोल्फच्या मैदानालगतच्या मातीत त्यांना स्ट्रेप्टोमायसिस प्रजातीचा एक नवा जिवाणू मिळाला. अमेरिकेतल्या मर्क कंपनीत विल्यम कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जंत झालेल्या उंदरांवर तपासला. जंत नाहीसे झाले. त्यातल्या द्रव्यांना ‘अ‍ॅव्हरमेक्टिन’ नाव मिळाले. त्यात थोडा रासायनिक बदल करून ‘आयव्हरमेक्टिन’ तयार झाले आणि १९८१ साली ते जनावरांसाठी बाजारात आले. १९८७पासून ते आफ्रिकेतल्या ‘नदीकाठच्या अंधत्वा’साठी माणसांना मोफत मिळू लागले. ओमुरा आणि कॅम्बेल यांना २०१५चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जंत आणि माइट यांच्या चेता आणि स्नायूंच्या पेशींवर ग्लुटामेटने उघडणारी क्लोराइडची सूक्ष्म दारे असतात. आयव्हरमेक्टिन त्यांना चिकटते, दारे उघडीच राहतात आणि किडा लुळा पडतो. ही विशिष्ट दारे पक्ष्यांत आणि सस्तन प्राण्यांत नाहीत. आपल्या मेंदूत थोडी वेगळी, पण या औषधाला दाद देणारी दारे आहेत. मात्र मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांचा अडसर औषधाला सहसा आत जाऊ देत नाही. मात्रा फार झाली तर हा अडसर पुरा पडत नाही.

आधीच्या विषांपेक्षा हे औषध वेगळे ठरले ते यामुळे. शिवाय ते रक्तातून सर्वत्र जाते, म्हणून खपलीतला माइट आणि श्वासनलिकेतला माइट दोघांपर्यंत पोहोचते.

थेंबाचा हिशेब

आता सुरुवातीच्या सल्ल्याकडे येऊ. पक्ष्यांसाठी पशुवैद्य सामान्यतः किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ही मात्रा धरतात. फिंचचे वजन पंधरा ग्रॅम धरू, म्हणजे ०.०१५ किलो. मात्रा झाली ०.००३ मिलिग्रॅम, म्हणजे तीन मायक्रोग्रॅम.

गुरांसाठीचे इंजेक्शन एक टक्क्याचे असते. त्याच्या एक मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध. एका मिलिलिटरचे सुमारे वीस थेंब होतात, म्हणून एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे पाचशे मायक्रोग्रॅम. हवे होते तीन, दिले पाचशे. सुमारे १६७ पट! तो थेंब अडीच किलोच्या प्राण्याला पुरेल. साठ किलोच्या माणसाला याच हिशेबाने बारा मिलिग्रॅम लागतात. त्याने एका वेळी १६७ गोळ्या घ्याव्यात तसे हे झाले.

वर्गात प्रमाण आणि शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांतल्या तीन शून्यांची किंमत विद्यार्थ्यांना इतकी नेमकी क्वचितच कळते. पण हे गणित औषध घरी बनवण्यासाठी नाही. असे द्रावण पशुवैद्यच बिनचूक विरळ करू शकतात, पक्षी तोलू शकतात आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यायची का ते ठरवू शकतात, कारण एका मात्रेत सगळे माइट मरतात असे नाही. लाल माइटच्या बाबतीत तर पक्ष्याला औषध देऊन पिंजरा तसाच ठेवला तर उपयोग नाही. तिथे उकळते पाणी आणि घासणी लागतेच.

आधी ओळख

प्रत्येक खपलीमागे माइट असतो असेही नाही. देवीच्या विषाणूच्या गटातला एक विषाणू कॅनरीच्या चेहऱ्यावर आणि पायांवर गाठी करतो. पिसे झडणे हा नेहमीचा पिसे बदलण्याचा काळ असू शकतो. दाटीच्या पिंजऱ्यात पक्षी एकमेकांची पिसे उपटतात. म्हातारपणी पायांची खवले आपोआप जाड होतात. यांवर माइटचे औषध म्हणजे गालेसने चीजमधला माइट दाखवण्यासारखेच.

उलट बाजूही आहे. बहुतेक पक्ष्यांच्या पिसांवर काही माइट कायम असतात आणि ते रोग करत नाहीत. त्यांच्या पोटातल्या अन्नाचा डीएनए तपासणाऱ्या अलीकडच्या अभ्यासात असे दिसले की ते मुख्यतः पिसांवरची बुरशी आणि जिवाणू खातात. माइट दिसला म्हणजे अपराधी सापडला असे नाही. लान्चिसीचा जुना प्रश्न इथे पुन्हा विचारावा लागतो आणि दर वेळी पुरावा पाहूनच उत्तर द्यावे लागते.

आपल्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लाल मनोलीच्या ‘अमंडावा’ या शास्त्रीय नावात अहमदाबाद शहराचे नाव दडलेले आहे. तिथून हे पक्षी युरोपला जात. म्हणजे आपल्या मनोली जगभरच्या पिंजऱ्यांत फार पूर्वीच पोहोचल्या. आज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतातले रानटी पक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे, तरी चोरटा व्यापार पूर्ण थांबलेला नाही. पकडलेले पक्षी दाटीने कोंबले जातात, घाबरलेले आणि अर्धपोटी असतात. अशा वेळी एकाच्या अंगावरचा माइट सर्वांच्या अंगावर जायला वेळ लागत नाही. बोनोमो आणि चेस्तोनी यांनी पंचे आणि अंथरुणांबद्दल लिहिले होते ते पिंजऱ्यालाही लागू पडते. बाजारात अशी खपली धरलेली मनोली विकायला दिसली तर तिच्यासाठी औषध विचारत बसू नये. वनखात्याला कळवावे.

शाळेच्या आवारात मात्र मनोली पाहायला काहीच हरकत नाही. गवताला बी धरले की त्या थव्याने येतात, तुऱ्यावर लोंबकळून दाणे टिपतात आणि मधूनच चोचीने पिसे विंचरतात. त्या विंचरण्याकडे मुलांना लक्ष द्यायला सांगा. माइट आवरण्याचा सर्वांत जुना उपाय तोच आहे आणि त्याची मात्रा कधी चुकत नाही.